खोलीबंदी

कचेरीत तिला सगळे पाठीमागे ‘मिलीग्रॅम’ म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. टोपणनाव काही आपण निवडत नाही. वाट्याला आलेलं इतकं नेमकं बसावं, हे नशीबच. तिचं काम वजनांचं वजन करण्याचं. औषधाच्या कारखान्यातला काटा बरोबर आहे की नाही हे ज्या वजनांनी तपासतात, ती वजनं तरी बरोबर आहेत का, हेही कुणीतरी तपासावं लागतं. ते ती तपासायची. लग्न ठरताना हे ऐकून सासू म्हणाली होती, “म्हणजे पोलिसांवरची पोलीस. ठीक आहे, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

वजनं पेटीतून यायची. मखमलीच्या खाचांत बसलेली, चकचकीत, बुद्धिबळातल्या प्याद्यांसारखी. आली की लगेच काट्यावर चढवायची नाहीत, हा तिथला पहिला धडा. प्रवासातून आलेलं वजन बहुतेकदा गरम असतं. त्याच्याभोवतीची हवा तापते, हलकी होते, वर चढते आणि चढता चढता वजनालाही किंचित उचलून धरते. मग ते आहे त्यापेक्षा हलकं भासतं. फरक इतका बारीक की बाजारात कुणाच्या बापाला कळायचा नाही, पण त्या खोलीतल्या काट्याला कळायचा. म्हणून नवं वजन काट्याशेजारी ठेवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही. याला कचेरीत ‘मुक्काम’ म्हणत. कुणी घाई केली की ती म्हणायची, “अहो, आत्ता आलंय ते. टेकू द्या, जरा निवू द्या, मग चौकशा करा.”

दुसरा धडा हातांचा. वजनाला उघड्या हातानं शिवायचं नाही. बोटांना तेलकटपणा असतो, आणि बोटाच्या ठशालाही वजन असतं. हा धडा मोडणाऱ्यासाठी तिनंच एक नियम घालून दिला होता: उघड्या हातानं वजनाला शिवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काट्याच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. वजन धुवायचं, पुसायचं, मुक्कामाला ठेवायचं, माणसालाही तेच. “हात आपणहून चुकत नाही, दमलेला माणूस चुकतो,” असं ती तेव्हा म्हणाली होती. नियमाचं नाव पडलं खोलीबंदी. ती सगळ्यांना झाली होती. एकदा तर प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, खुद्द सरांना झाली. त्यांनी कौतुकानं एका पाहुण्याला दाखवायला वजन हातात घेतलं होतं, तर तिनं पाहुण्यासमोर त्यांना दार दाखवलं.

तिला स्वतःला मात्र खोलीबंदी कधी झाली नव्हती.

तर हे सर आता निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खुर्चीवर कोण, हा प्रश्न वरच्या मंडळींनी एका वजनावर सोडला होता. तपासणी मंडळाकडून एक सीलबंद पेटी आली. आतल्या वजनाचा खरा आकडा फक्त मंडळाला ठाऊक. प्रयोगशाळेनं तो मोजून सांगायचा, तोही आजवर तिथं कधी न मोजलेल्या बारकाईनं. एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवा. जुळला, तर सर्वांत नाजूक वजनं तपासायची परवानगी मिळणार होती आणि सरांची खुर्ची तिला. नाही जुळला, तर ते काम दुसरीकडे जाणार आणि खुर्चीवर बाहेरचा कुणी येऊन बसणार. तिला ती खुर्ची हवी होती. हे ती लपवत नव्हती, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही तिला वाटत नव्हतं.

अडचण एकच. आकडा ठरेना.

सकाळी एक यायचा, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी तर शेवटचे दोन अंक असे उड्या मारायचे की बघवत नसे. तिनं काट्याखालचं दगडी टेबल तपासलं. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा हादरा बसतो का ते पाहिलं. लिफ्टवाल्याला सांगून लिफ्ट बंद ठेवली, तर वरच्या मजल्यावरचे दोन वकील जिने चढून तिच्याशी भांडायला आले. एसीची दिशा बदलली. दाराच्या फटींना रबराची पट्टी लावली. काटा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन, सगळं उघडून, सगळं बंद करून, “काट्यात काही नाही,” असं सांगून गेला. मग ज्याच्यात काही आहे तो चोर पकडायचाच, असा चंग बांधून तिनं काट्याला अगदी लागून एक खुर्ची ठेवली आणि त्या खोलीत ठाण मांडलं. डोळ्यांत तेल घालून ती काट्याभोवतीच्या काचेच्या पेटीकडे बघत बसायची. जेवण खुर्चीवर नाही, कारण खोलीत अन्न नेता येत नव्हतं. म्हणून जेवणच नाही.

तिच्या बरोबरीच्या हुद्द्यावर एक गृहस्थ होते. दिवसभर थर्मास काखेत घेऊन फिरायचे म्हणून त्यांना थर्मासच म्हणत. दाराच्या काचेतून आत डोकावून ते म्हणाले, “मॅडम, चहा?”

“नको.”

“बिस्किट?”

“नको.”

“मग निदान पापणी तरी हलवा. बाहेरून बघणाऱ्याला काळजी वाटते.”

जितका आकडा हलायचा तितकी ती जास्त बसायची, आणि ती जितकी जास्त बसायची तितका आकडा जास्त हलायचा. यातलं पहिलं तिला कळत होतं. दुसरं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

घरीही याचे पडसाद उमटत होते. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, आणि जगातल्या एकाही वाळवंटाला आपल्या बायकोइतकं कोरडं बोलता येत नाही, असं मोठ्या अभिमानानं सांगायचा. एका सकाळी त्यानं उकडलेली अंडी टेबलावर आणली. तिनं ओट्यावरचा चिमटा घेतला, त्यात एक अंडं अलगद धरलं, बशीच्या बरोबर मध्यावर ठेवलं, हात मागे घेतला आणि श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली.

नवऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच विचारलं, “स्थिर झालं का? खाऊ मी?”

ती हसली, पण उशिरा.

“शनिवारी पोहायला जाणार आहेस ना?” त्यानं विचारलं. “धाकटीचा फोन आला होता. म्हणत होती, ताई जिवंत असेल तर कळवा.”

लहानपणापासून शनिवारची सकाळ दोघी बहिणींची, तलावावरची. अलीकडे ती दर वेळी काही ना काही सांगून टाळत होती.

“हे एकदा आटपू दे. मग झोपेन, खाईन, पोहेन, सगळं करेन.”

“सगळं एकदम करू नकोस,” तो म्हणाला. “बुडशील.”

वजन परत पाठवायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुपार होती. तिन्ही आकडे जुळायचे तर सोडाच, दोनही जुळत नव्हते. डोळे चुरचुरत होते, म्हणून तिनं हातमोजे काढून डोळे चोळले. मग प्रयोगशाळेचंच एक वजन काट्यावर ठेवून बघावं, असं मनात आलं. तिनं चिमटा उचलला, वजन धरलं, आणि हात इतका थरथरला की वजन चिमट्यातून निसटून टेबलावर गडगडत कडेकडे निघालं. तिनं झडप घातली आणि ते मुठीत पकडलं. झेल सुरेख होता. फक्त हात उघडा होता.

दारात थर्मास उभे होते. त्यांच्यामागे सर.

तिनं स्वतःच्या मुठीकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू कुणीतरी ती विसरून गेलं होतं.

“मॅडम,” थर्मास म्हणाले, “हातमोजा?”

“पडत होतं ते.”

“माझंही पडतच होतं, गेल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, पडू द्यायचं, खाली गालिचा कशासाठी घातलाय.”

ती सरांकडे वळली. “सर, मंडळाचं वजन उद्या संध्याकाळी परत जायचंय.”

“जायचंय.”

“म्हणजे उद्याचा दिवस आणि आजची दुपार, एवढाच वेळ आहे.”

“उद्याचा दिवस आहे,” सर म्हणाले. “आजची दुपार आत्ता तुमच्या मुठीत गेली.”

“नियम मीच केलाय ना? मग मीच तो एवढ्यापुरता बाजूला—”

“तो पाहुणा आठवतो?” सरांनी विचारलं. “तुम्ही त्याच्यासमोर मला बाहेर काढलंत. तो अजून कुठं भेटला की माझी चौकशी करत नाही. विचारतो, त्या बाई आहेत का?” त्यांनी हात पुढे केला. “किल्ली.”

तिनं वजन मखमलीवर ठेवलं आणि किल्ली दिली. थर्मासनी हातमोजे चढवले, मंडळाचं वजन चिमट्यानं काट्यातल्या, बटण दाबलं की फिरून वजन पलड्यावर बसवणाऱ्या चकतीवर मुक्कामाला ठेवलं, तिनं पकडलेलं वजन धुवायला काढलं, दिवा मालवला, दार लावलं. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला.

“घ्या. खोलीबंदी झालेल्याला चहा द्यायची पद्धत तुम्हीच पाडलीत.”

चहा फार गोड होता. तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

बाहेर लख्ख ऊन होतं. दुपारी हा रस्ता कसा दिसतो, हे ती पार विसरली होती. केस कापणारा आपल्याच खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता आणि समोरच्या आरशातही तसाच झोपलेला दिसत होता. एक माणूस दुकानाची काच पुसत होता. एक हात मारायचा, मागे सरकून बघायचा, पुन्हा पुढे यायचा. तिला वाटलं, याच्याकडे केवढा वेळ आहे. मग लक्षात आलं, मागे सरकल्याशिवाय त्याला डाग दिसत नसावा. तेवढ्यात पोटात कावळे ओरडले, आणि तिनं बहिणीला फोन लावला.

धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. ती आली, तीच गाडी घेऊन, छतावर ‘शिकाऊ’ अशी पाटी मिरवत. मागच्या सीटवर पोहण्याची पिशवी आधीच होती.

“तू चालव,” धाकटी शेजारच्या सीटवर सरकत म्हणाली. “मला सवय नाही त्या बाजूला बसायची.”

पहिल्याच चौकात पिवळा दिवा लागला. ताईनं वेग वाढवला, आणि गाडी तिच्या इच्छेविरुद्ध जागच्या जागी थांबली.

“अगं, निघालो असतो आपण.”

“निघालोच असतो,” धाकटी आपल्या ब्रेकवरचा पाय न काढता म्हणाली. “सगळेच निघतात. म्हणून तर माझा धंदा चालतो.” तिनं सँडविच पुढे केलं. “दिवा लाल आहे तोवर खा. काय चेहरा झालाय तुझा. गाळणीत उरलेल्या चहापत्तीसारखा.”

“मी दमलेले नाहीये. मला फक्त एक दिवस जास्त हवाय.”

“मग वजन हातानं का पकडलंस?”

“तुला कुणी सांगितलं?”

“जिजाजींनी. त्यांना तुमच्या सरांनी. सगळ्या गावाला कळलंय, ताई. उद्या पेपरात येईल.”

ताईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. तिनं ते सँडविचनं थोपवलं. “तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मी खुर्चीमागे धावतेय.”

“धाव ना मग. कोण अडवतंय? मला तर बहीण साहेब झालेली हवीच आहे, चार लोकांत सांगता येतं. पण खुर्ची मिळाल्यावर तिच्यावर बसायला कुणीतरी शिल्लक लागेल की नाही? हिरवा झाला. चल. सावकाश.”

तलावावर दुपारी कुणी नव्हतं. पाण्यात शिरल्यावर ती सवयीनं जोरजोरात हात मारायला लागली, आणि एका फेरीतच धाप लागून उताणी झाली. मग तशीच तरंगत राहिली. पाण्यात वस्तूचं वजन कमी भासतं हे तिला शाळेपासून ठाऊक होतं, कितीनं कमी भासतं हे ती गणित करून सांगू शकली असती. पण आपल्या मानेपर्यंत आणि खांद्यांपर्यंत ही बातमी इतक्या वर्षांत पोचली नसावी. ती आत्ता पोचत होती, एकेका स्नायूला. छताच्या काचेतून ऊन पाण्यावर पडलं होतं. कान पाण्याखाली असल्यामुळे धाकटी काठावरून काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं, आणि ते तर फारच छान होतं.

घरी येऊन तिनं दोन वाट्या सूप प्यायलं, टोस्ट खाल्ले, नवऱ्याच्या ताटातलाही एक खाल्ला. पाच मिनिटं पडते म्हणून दिवाणावर आडवी झाली.

जाग आली तेव्हा खिडकीत सकाळ होती, अंगावर पांघरूण होतं आणि चष्मा टेबलावर नीट घडी करून ठेवलेला होता.

“मी काढला,” नवरा चहा गाळत म्हणाला. “चिमट्यानं. म्हटलं, ठसा उमटायला नको.”

ती कचेरीत पोचली. सरांनी किल्ली हातावर ठेवली. तिनं हातमोजे घातले. हात हलत नव्हता, हे तिनं मुद्दाम पाहिलं. खोली रात्रभर रिकामी होती. तिनं दार उघडलं, बटण दाबलं. काट्यातली चकती फिरली, वजन पलड्यावर बसलं. आकडा थोडा डुलला आणि थांबला. तिनं पुन्हा मोजलं. तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत. इतक्या दिवसांत असं झालं नव्हतं. पहिली मोजणी पक्की झाली.

आनंदानं ती खुर्चीत बसली, जरा पुढे सरकली, आणि दुसऱ्या मोजणीसाठी डोळे लावून बघू लागली.

थोड्याच वेळात शेवटचा अंक घसरला. मग त्याच्या अलीकडचा.

ती उठली. पूर्वीची असती तर उठली नसती. पण आज चांगली झोप झालेली होती आणि भूक लागली होती. ती बाहेर गेली, थर्मासबरोबर चहा प्यायली, दोन बिस्किटं खाल्ली, वरच्या वकिलांपैकी एकाला लिफ्टबद्दल सॉरी म्हणाली. परत येऊन बटण दाबलं तर आकडा जागेवर. तोच, सकाळचा.

ती पुन्हा खुर्चीत बसली. आकडा पुन्हा निसटायला लागला.

आता ती उठून दारापर्यंत गेली आणि वळून खोलीकडे पाहिलं. दगडी टेबल. काचेची पेटी. आणि पेटीला लागून, तिच्या उजव्या कुशीशी, ती खुर्ची. रिकामी. काच पुसणाऱ्या माणसासारखी ती आणखी एक पाऊल मागे सरकली.

दरवर्षी नव्या मंडळींना शिकवताना पहिल्याच दिवशी ती एक वाक्य सांगायची. नुसता बसलेला माणूस एखाद्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणून काट्याजवळ रेंगाळू नका. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. हे वाक्य तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की ते आपल्यालाही लागू आहे, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तिनं टेबल तपासलं होतं, ट्रक तपासले होते, वकिलांना जिने चढायला लावले होते. खोलीत एकच वस्तू तपासायची राहिली होती, आणि ती वस्तू रोज सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जात होती.

तिला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला, तर नाकातून आवाज आला. थर्मास धावत आले.

“काय झालं? फुटलं काही?”

“बसा,” ती म्हणाली.

“कुठं?”

“त्या खुर्चीत. बोलायचं नाही, हलायचं नाही. फक्त बसायचं.”

“मॅडम, यासाठीच मी जन्माला आलोय,” असं म्हणून थर्मास जाऊन बसले. तिनं बाहेरून काचेतून पाहिलं. काही वेळ आकडा शहाण्यासारखा उभा राहिला. मग घसरू लागला, अगदी तिच्या वेळी घसरायचा तसाच, त्याच दिशेनं. म्हणजे तिच्यात विशेष असं काही नव्हतं. कुणीही चाललं असतं. आश्चर्य म्हणजे याचं तिला वाईट वाटलं नाही. उलट खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं झालं.

काटा आला तेव्हा त्याच्याबरोबर एक खोकं आलं होतं. त्यात लांब वायरीवरची आकड्याची पाटी आणि बटण होतं, खोलीबाहेर बसून काम करण्यासाठी. तिनं ते कधी उघडलं नव्हतं. लांबून बघणं म्हणजे कामचुकारपणा, असं तिला वाटायचं. ते खोकं कित्येक महिने थर्मासच्या टेबलाखाली पाय ठेवायला वापरात होतं. ती धावतच तिकडे गेली, खोकं ओढून काढलं, वायर दारातून बाहेर आणून जोडली. खोलीतून एक क्षीण आवाज आला.

“मॅडम, मी उठू का आता? का अजून तापवू?”

त्या दिवसाचं काम असं होतं: बटण दाबायचं आणि निघून जायचं. खोलीला निवायला वेळ द्यायचा. तिला सुरुवातीला ते जमेना. वाट बघताना हात कुठं ठेवायचे कळेना. ती बोळातून येरझाऱ्या घालायला लागली तेव्हा सर म्हणाले, “भिंती तापवताय की काय आता?” आणि तिला जेवायला घेऊन गेले. कचेरीमागच्या बाकावर सगळे बसले होते. किती दिवसांनी ती त्यांच्यात बसून जेवत होती. कुणीतरी सरांच्या निवृत्तीनंतरच्या बेतांची टिंगल करत होतं; सरांना म्हणे बासरी शिकायची होती आणि त्यांच्या बायकोनं त्यासाठी शेजाऱ्यांची लेखी संमती मागितली होती. ती पोटभर जेवली, पोटभर हसली, आणि परत आली तेव्हा बाहेरच्या पाटीवर दुसरी मोजणी उभी होती. सकाळचाच आकडा.

तिसरी मोजणी दुपार कलता कलता आली. ती तेव्हा आवारात झाडाखाली चक्क डोळे मिटून बसली होती. थर्मास वरच्या खिडकीतून हात हलवत होते, आणि हातात झाकण असल्यामुळे चहा खालच्या सायकलींवर सांडत होता. तिला आकडा विचारायची गरज पडली नाही.

पेटी सीलबंद होऊन गेली. काही आठवड्यांनी मंडळातल्या एका बाईंचा फोन आला. आकडा बरोबर होता, तेवढं सांगून त्या ठेवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं, “तुमच्या तिन्ही मोजण्या इतक्या जुळल्या कशा? इतरांना आमच्या वजनानं नाकी नऊ आणलेत. नवीन यंत्र घेतलंत का?”

“नाही,” ती म्हणाली. “आम्ही खोलीतून बाहेर पडलो.”

“एवढंच?”

ती विचारात पडली. शास्त्र शिकलेल्या बाईला एवढंच म्हणवेना. त्या दिवशी खोली रिकामी होती हे खरं; पण तिची झोप झाली होती, हात स्थिर होता, पोटात अन्न होतं, हेही खरं. झोप झाली नसती तर ती खुर्चीतून उठलीच नसती. सगळ्याच गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर श्रेय कुणाला किती द्यायचं, ते सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा उपाशी आणि जागं राहून प्रयोग करावा लागला असता, आणि तो करायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

“जेवणाची सुट्टीही घेतली,” तिनं भर घातली.

“लिहून घेते,” त्या बाई म्हणाल्या. त्या गंमत करत होत्या की खरंच लिहून घेत होत्या, हे कळलं नाही.

खुर्ची तिला मिळाली. सरांनी जाताना किल्ल्यांचा जुडगा दिला आणि म्हणाले, “खोलीबंदीचा नियम ठेवा हं. मोडणारा शोधायला आता जरा त्रास होईल, कारण मीच चाललो.” साहेब झाल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर काट्याच्या खोलीतली ती खुर्ची बाहेर काढून बोळात, खिडकीखाली ठेवली. वाट बघणाऱ्यानं तिथं बसावं, म्हणून. थर्मासनी तिच्यावर लगेच हक्क सांगितला. आपण तिच्यावर बसून विज्ञानाची सेवा केली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

कामाची हाव तिची कमी झाली, असं नाही. आता तिला सगळ्या प्रदेशात पहिला नंबर हवा होता, आणि हेही ती लपवत नव्हती. पण नव्या मंडळींना शिकवताना त्या जुन्या वाक्याला आता एक शेपूट जोडलं गेलं होतं. “नुसता बसलेला माणूस शंभरच्या दिव्याइतका तापतो,” ती सांगायची, आणि मग फळ्याकडे वळता वळता म्हणायची, “त्यात मीही आले.”

आणि शनिवारी सकाळी खाली हॉर्न वाजायचा. शिकाऊची पाटी मिरवणारी गाडी दारात उभी असायची. धाकटी उजेडात ताईचा चेहरा डॉक्टरसारखा निरखायची.

“चहापत्ती आहे का?” ताई विचारायची.

“नाही. आज ताजी दिसतेयस. चल, चालव,” धाकटी म्हणायची, आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर सहज, सवयीनं पाय ठेवायची.